अफवांतला अधिकारी माणूस

आमच्या हिंगोली जिल्ह्यात जमीन हलली की पाठोपाठ दोन मजकूर फिरू लागतात. पहिला मोबाईलवर येतो: आज रात्री अमुक वाजता याहून मोठा धक्का बसणार, नासाचा इशारा आहे, घराबाहेर झोपा, पुढे पाठवा. दुसरा प्रशासनाकडून येतो: नागरिकांनी घाबरून जाऊ नये, अफवांवर विश्वास ठेवू नये. दोन्ही आधीच लिहून ठेवलेले असावेत असा माझा जुना संशय आहे, कारण घरावरचे पत्रे वाजायचे थांबतात न थांबतात तोच ते हजर असतात. नासा भूकंपाचे इशारे देत नाही. अमेरिकेत भूकंपाचं खातं वेगळं आहे, आणि ते खातं स्वतःच्या तोंडाने सांगतं की मोठ्या भूकंपाचं भाकीत आजवर कोणत्याही शास्त्रज्ञाला करता आलेलं नाही. तेव्हा पहिला मजकूर खोटा, हे ठरवायला फार विद्वत्ता लागत नाही. माझी अडचण दुसऱ्याशी आहे. तो खोटा नाही. पण तो खरा आहे असंही म्हणवत नाही, कारण त्यात काही सांगितलेलंच नसतं.

२१ मार्च २०२४ चीच गोष्ट घ्या. गुरुवार, सकाळचे सहा वाजून आठ मिनिटं. ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि अकरा मिनिटांत ३.६ चा दुसरा. केंद्र आमच्या जिल्ह्यात, हादरा हिंगोली, परभणी, नांदेड तिन्हीकडे. मांडणीवरची भांडी खाली, माणसं अंगणात, म्हशी दाव्याला हिसडे देतायत. त्या दिवशी शेजारच्या नांदेडच्या प्रशासनाने एक फार चांगलं काम केलं. नेहमीच्या ओळीच्या जोडीला त्यांनी सांगितलं, की ज्यांनी पत्र्यावर आधाराला दगड ठेवले असतील त्यांनी ते काढून घ्यावेत. त्या सूचनेबद्दल मला आजही आदर वाटतो. ती ज्याने लिहिली त्याने पत्र्याचं घर आतून पाहिलेलं होतं. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर नेमकं काय पडतं, हे त्याला ठाऊक होतं. आता दगड काढले तर वैशाखातल्या वावधानात पत्रे उडून दुसऱ्याच्या वावरात जातात, हा पुढचा प्रश्न. पण तो आमचा आम्ही बघू.

वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत तर गेली कित्येक वर्षं जमिनीतून आवाज येतो. मोठा, घुमणारा, खिडक्या थरथरवणारा. वर्तमानपत्रं त्याला ‘गूढ आवाज’ म्हणतात. गावाला तो गूढ राहिलेला नाही, गावाला तो नेहमीचा आहे. आमचे एक मामा त्याच भागातले. खदानीतला सुरुंग कोणता आणि जमिनीचा आवाज कोणता, हे ते डोळे मिटून सांगतात. सुरुंग आधी कानात येतो, जमीन आधी पायात, असा त्यांचा निकष आहे. लहान आणि उथळ धक्क्यांचा असा आवाज ऐकू येतो हे शास्त्रातही बसतं, पण मामांना ते शास्त्रात बसतं की नाही याची काळजी नाही. सुरुवातीच्या दिवसांत मात्र त्यांनी तालुक्याच्या गावी ही गोष्ट काढली, की समोरचा शहाणा माणूस त्यांना सांगे, “मामा, अफवा पसरवू नका.” मामा गप्प बसत. रात्री पुन्हा आवाज येई.

या मामांना घेऊन मी एकदा एका कार्यशाळेला गेलो होतो. विषय होता अफवा आणि दिशाभूल कशी ओळखावी, कशी रोखावी. महाविद्यालयाचं सभागृह, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, आणि मोठ्या शहरातून आलेले वक्ते. परिचय करून देणाऱ्या प्राध्यापकांनी सांगितलं, की पाहुणे अफवा या विषयातले अधिकारी व्यक्ती आहेत. मी तिथेच अडखळलो. भूकंपातला अधिकारी माणूस मला समजतो, त्याने जमीन शिकलेली असते. कापसावरच्या बोंडअळीतला समजतो, त्याने अळी शिकलेली असते. पण अफवा कधी भूकंपाची असते, कधी लसीची, कधी नोटांची, कधी देवाची. तिच्यातला अधिकारी व्हायचं तर माणसाला जमीन, लस, नोट आणि देव हे चारही विषय यायला हवेत. पाहुण्यांना भूकंपाबद्दल कुणी विचारलं तेव्हा त्यांनी नम्रपणे सांगितलं, की तो माझा विषय नाही. इतर तिघांबद्दल कुणी विचारलं नाही.

मग राहतं काय? ज्याला भूकंप येत नाही त्याला भूकंपाबद्दलचं कुठलं बोलणं खोटं, हे बोलण्यावरून ओळखता येणार नाही. त्याला फक्त बोलणारा कोण, हे बघता येतं. शिक्का आहे का, हुद्दा आहे का, संकेतस्थळ सरकारी आहे का. यात वाईट काही नाही, आपणही बाजारात खताचं पोतं शिवण बघूनच घेतो. पण शिवण बघणाऱ्याला आपण शेतीतज्ज्ञ म्हणत नाही.

पाहुण्यांच्या सादरीकरणाचं पहिलं पान मार्क ट्वेनचं होतं. झुपकेदार मिश्या, पांढरा कोट, आणि शेजारी ते प्रसिद्ध वचन, की सत्य पायात जोडे घालेपर्यंत असत्य अर्धं जग हिंडून येतं. टाळ्या पडल्या. मला हसू आवरेना, कारण हे वचन ट्वेनच्या लिखाणात कुठेही सापडलेलं नाही. शोधणाऱ्यांनी खूप शोधलं. त्याच्याशी मिळतंजुळतं वाक्य जोनाथन स्विफ्टने १७१० मध्येच लिहून ठेवलेलं होतं. ट्वेन १९१० मध्ये वारला, आणि त्यानंतर ही जोड्यांची गोष्ट त्याच्या नावावर चढली. खोट्याच्या वेगाबद्दलचं जगातलं सगळ्यात लोकप्रिय वाक्य स्वतःच खोट्या नावावर जग हिंडत आहे, आणि त्याला जगभर घेऊन जाण्याचं काम बहुतेक करून खोट्याविरुद्ध बोलणारी मंडळीच करतात. मी हे तिथे बोललो नाही. सत्कार झालेल्या माणसाला शाल अंगावर असताना काही सांगू नये, अशी आमच्याकडची रीत आहे.

मामा रीत पाळत नाहीत. प्रश्नोत्तरांत ते उभे राहिले.

“साहेब, आमच्या गावात जमिनीतून आवाज येतो. ते खरं धरावं का अफवा?”

“काका, असं काही कानावर आलं तर आधी अधिकृत स्रोताकडून खात्री करून घ्यायची.”

“अन् तो कोन?”

“तुमचं तहसील कार्यालय आहे ना.”

“तहसीलवाले तलाठ्याला फोन लावतेत,” मामा म्हणाले. “तलाठी पोलीस पाटलाला लावतो. पोलीस पाटील पारावर येऊन मलाच विचारतो, मामा, आवाज आला का हो? मी म्हणतो, आला. आता मी कोनाला विचारू ते सांगा.”

सभागृह हसलं. पाहुणेही मोकळेपणाने हसले, “हा फार चांगला प्रश्न आहे,” म्हणाले, आणि पुढच्या पानावर गेले. पुढच्या पानावर अधिकृत स्रोतांची यादी होती.

मामांच्या प्रश्नात मला जे दिसलं ते असं. आवाजाची बातमी पारावरून वर जाते, वर तिला जावक क्रमांक मिळतो, आणि ती खाली येते तेव्हा अधिकृत झालेली असते. मधल्या कुणालाही आवाज ऐकू आलेला नसतो. अधिकृत माहितीला मी नावं ठेवत नाही. जावक क्रमांक पडलेला बरा, निदान कोण म्हणालं ते नंतर सापडतं. पण आवाज ऐकणाऱ्यालाच त्याच्या आवाजाची खात्री दुसरीकडून करून आणायला सांगणं, यात कुठेतरी गाडी उलटी जुंपलेली आहे.

मराठवाड्यातल्या माणसाला हे जरा जास्त टोचतं, त्याला कारण आहे. किल्लारीच्या परिसरात १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत लहान लहान धक्के बसले होते. लोकांनी ते अंगावर अनुभवले होते. पण तेव्हाची पुस्तकं म्हणत होती की दख्खनचं पठार म्हणजे स्थिर भूमी, आणि देशाच्या भूकंप-नकाशात तो भाग पहिल्या क्षेत्रात होता. पहिलं क्षेत्र म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचं. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बोळवून लोक झोपले असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी त्या सगळ्यात कमी धोक्याच्या क्षेत्रात हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. भिंती जाड होत्या. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, असं कित्येक पिढ्या मानलं गेलं होतं, आणि हीदेखील एक अफवाच होती म्हणायची, फक्त तिला कुणी अफवा म्हटलं नव्हतं.

यात कुणी लबाडी केली असं नाही. भूकंप कधी होणार हे तेव्हा कुणाला सांगता येत नव्हतं, आजही येत नाही. शास्त्रज्ञांनी पुढे तिथे खोलवर बोरं घेतली, यंत्रं बसवली, आणि २००२ मध्ये सुधारलेला नकाशा आला तेव्हा पहिलं क्षेत्र त्यातून काढूनच टाकलं. म्हणजे या देशात कुठलीही जमीन आता पहिल्या नंबरची निर्धास्त राहिली नाही, हे त्यांनी लेखी मान्य केलं. असा नकाशा खोडणारा तज्ज्ञ मला आवडतो. जो म्हणतो, ‘आम्ही इथे चुकलो होतो, ही दुरुस्ती’, त्याचं पुढचं वाक्य मी कान देऊन ऐकतो. १९९३ च्या सप्टेंबरात, धक्क्याच्या आदल्या दिवशी, एखादा किल्लारीकर मोठा भूकंप येणार म्हणून ओरडत फिरला असता, तर त्याचं बोलणंही अफवेतच जमा झालं असतं. पुराव्यावर जायचं तर ते अफवेत जमा करणारा चुकलाही नसता.

याचा अर्थ पारावरचं सगळं खरं, असा कुणी काढू नये. मामाही काढत नाहीत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजारात, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, एवढाच निरोप मोबाईलवर फिरत होता. त्याच्या तीनच दिवस आधी, तिकडे त्रिपुरात, याच अफवेविरुद्ध गावोगाव ध्वनिक्षेपकावरून सांगत फिरण्यासाठी सरकारने रोजंदारीवर नेमलेल्या माणसाला जमावाने मुलं पळवणारा समजून मारलं. अफवांवर ज्याने खरोखर काम केलं, उन्हात उभं राहून, माणसांच्या समोर जाऊन, तो हा माणूस. त्याला कुणी कधी शाल घातली नव्हती. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. माझ्या मते त्या मर्यादेने शंभर व्याख्यानांहून जास्त काम केलं असेल, कारण तिने कुणाला शहाणं करायचा प्रयत्नच केला नाही, फक्त बोट थांबवलं.

आता जरा दिल्लीकडे.

६ एप्रिल २०२३, गुरुवार. त्या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने आमच्या औंढा नागनाथजवळच्या लिगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या प्रकल्पाला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्याच दिवशी केंद्र सरकारने माहिती-तंत्रज्ञान नियमांत एक दुरुस्तीही आणली. केंद्राच्या कारभाराबद्दल समाजमाध्यमांवर जे लिहिलं जाईल, त्यातलं खोटं आणि दिशाभूल करणारं कोणतं, हे सरकारनेच नेमलेला एक तथ्य-तपासणी कक्ष ठरवणार. म्हणजे अफवांतला अधिकारी माणूस आता खरोखरीच अधिकारी झाला. विनोदवीर कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड वगैरे मंडळी मुंबई उच्च न्यायालयात गेली. ३१ जानेवारी २०२४ ला न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी दुरुस्ती रद्द ठरवली, न्यायमूर्ती नीला गोखले यांनी वैध ठरवली, आणि प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेलं. खरं काय हे ठरवायचा अधिकार कुणाला, यावर दोन न्यायमूर्तींचंही एकमत होत नाही, ही मला लोकशाहीतली फार आश्वासक गोष्ट वाटते. २० मार्च २०२४ ला केंद्राने पत्र सूचना कार्यालयाच्या कक्षाची अधिसूचना काढली. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली.

तो दुसरा दिवस म्हणजे २१ मार्च. आमच्याकडे सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी जमीन हलली, तोच.

हे मी मामांना अजून सांगितलेलं नाही. दोन्ही वेळा गुरुवार. एका गुरुवारी लिगो आणि कक्ष एकत्र जन्मले, दुसऱ्या गुरुवारी लिगोचा जिल्हा हलला आणि कक्षही हलला. यातली एकही तारीख खोटी नाही, एकही वार खोटा नाही. तरी या चार गोष्टी एका ओळीत लिहून, खाली हात जोडल्याची खूण टाकून पाठवल्या, तर संध्याकाळपर्यंत निकाल आमच्या जमिनीला आधीच कळला होता, असं सिद्ध होऊन ते सेनगावपर्यंत पोचेल. कक्ष असता तर त्याने यातलं काय खोटं ठरवलं असतं? खोटं काहीच नाही. खोटी आहे ती फक्त ओळ, आणि ती ओळ वाचणाऱ्याच्या डोक्यात असते. २० सप्टेंबर २०२४ ला तिसरे न्यायमूर्ती, अतुल चांदूरकर, यांनी पटेलांच्या बाजूने मत दिलं आणि दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. ज्याच्याबद्दल बोललं जातंय त्यानेच खरं-खोटं ठरवावं, हे कुस्तीच्या फडात पहिलवानाने स्वतःच पंच होण्यासारखं होतं. आमच्या जत्रांत असं चालत नाही.

औंढ्याचं नाव निघालंच आहे तर सांगतो. आमचा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. द्वारकेजवळचं नागेश्वरही तेच म्हणतं. अल्मोड्याकडचं जागेश्वरही म्हणतं. संत नामदेवांचा जन्म आमच्या नरसीचा. पंढरपूरकर तो पंढरपूरचा मानतात, आणि कुणी थेट कऱ्हाडकडे बोट दाखवतं. अभ्यासक यावर एक शतकभर भांडत आले आहेत. लोकांनी मात्र यावर कुठला कक्ष नेमला नाही. ते जमेल तेव्हा तिन्ही ज्योतिर्लिंगांना जातात, नरसीलाही जातात आणि पंढरीलाही. नामदेवांसाठी औंढ्याचं देऊळ फिरलं, ही कथा ऐकताना होकायंत्र काढणारा माणूस मी अजून पाहिला नाही. कुठली गोष्ट तपासायची आणि कुठली नुसती ऐकायची, हे ज्ञान गावात बऱ्यापैकी आहे. ते मोबाईलसमोर कमी पडतं, हे खरं.

आणि याच औंढ्याच्या शिवारात लिगो उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजा, त्यांतून लेसरचा झोत, आणि मोजायचं काय, तर दूरच्या आकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशालाच जी बारीक थरथर सुटते ती. प्रोटॉनच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाएवढी. त्यासाठी शांत जागा पाहिजे होती, आणि देशभर शोधून ती आमच्याकडे सापडली. मागास जिल्हा म्हणून यादीत येण्याची आम्हाला सवय आहे, शांत म्हणून पहिल्यांदाच निवडले गेलो. कळमनुरी तालुक्यातले धक्के तेवढे अधूनमधून यात व्यत्यय आणतात.

पण मला लिगोवाल्यांचं कौतुक वाटतं ते प्रोटॉनसाठी नाही. अमेरिकेतल्या त्यांच्या दोन वेधशाळांत एक विलक्षण प्रथा होती. मोजक्या माणसांचा एक गट, बाकी कुणालाही न सांगता, यंत्राचे आरसे हलकेच हलवून मुद्दाम खोटा संकेत पेरायचा. शेकडो शास्त्रज्ञांना एवढंच माहीत असायचं, की असं कधीतरी होऊ शकतं. १६ सप्टेंबर २०१० ला असा एक सुंदर संकेत आला. तो बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या दिशेने आल्यासारखा वाटला, म्हणून त्याला ‘बिग डॉग’ नाव पडलं. कित्येक महिने मंडळी राबली, आकडेमोड झाली, भांडणं झाली, शोधनिबंधाचा मसुदा तयार झाला. मग १४ मार्च २०११ ला कॅलिफोर्नियात आर्केडिया इथे सगळे जमले आणि ‘पाकीट’ उघडलं. संकेत पेरलेला निघाला. शोध नव्हे, परीक्षा होती. सहा महिन्यांची मेहनत, आणि हाती आलं ते एवढंच, की आपली तपासणी नीट चालते.

पुढे १४ सप्टेंबर २०१५ ला खरा संकेत आला, तेव्हा पहिला प्रश्न हाच निघाला, की हा कुणी पेरला तर नाही? पेरलेला नव्हता. तरीही त्यांनी जगाला सांगितलं ते पाच महिन्यांनी, ११ फेब्रुवारी २०१६ ला. आमच्या व्हॉट्सॲप गटावर पाच मिनिटं कुणी थांबत नाही, आणि खरं सांगायचं तर व्याख्यात्यांनाही पुढच्या पानावर जायची घाई असते.

तेव्हा हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, कुठेही यापुढे अफवांवर कार्यशाळा ठरवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. मानधन द्या, शाल द्या, श्रीफळ द्या. फक्त तारीख पक्की करण्याआधी पाहुण्यांना फोनवर एवढं विचारून घ्या, की साहेब, तुम्ही स्वतः शेवटचे कशाला फसला होता, आणि ते तुम्हाला कुणी दाखवून दिलं? सरळ उत्तर आलं तर गाडी पाठवा. ‘हा फार चांगला प्रश्न आहे’ असं आलं, तर आमचे मामा मोकळे आहेत. त्यांना प्रोजेक्टर लागत नाही, आणि शाल चालते.